आठ दिवसांची गोळी

इंजिन खोटं बोलत नाही आणि काटाही खोटं बोलत नाही. खोटं बोलते ती दोघांच्या मधली वायर, असं गुरुपादप्पा म्हणत असत. चौसाळ्याच्या हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, आणि बीडपासून केजपर्यंत ज्याचं पोकलेन बंद पडे तो मालक आधी त्यांनाच निरोप धाडी. दोन हजार सातच्या मे महिन्यापर्यंत त्यांच्या या वाक्याला अपवाद घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. अपवाद मात्र होता. तो गुरुपादप्पांनी स्वतःच्या हातानं केला होता, वर्षभरापूर्वी, आठ दिवसांच्या बोलीवर; आणि नंतर ते तो विसरून गेले होते.

घराणं लिंगायत, किराणा दुकानाचं. तीन भाऊ तागडीपाशी रमले. चौथ्या गुरुपादला लहानपणापासून दुकानातल्या रेडिओच्या मागची बाजू अधिक प्रिय. बीडच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करून त्यांनी दहा-बारा वर्षं ट्रकांचे डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करण्यात काढली. नव्वदनंतर रस्ते रुंद होऊ लागले, तलावांची कामं ठेकेदारांकडे गेली, आणि जिथे पूर्वी शे-दोनशे माणसांच्या टोपल्या चालत तिथे एकच पिवळा लोखंडी हात मातीत उतरू लागला. शतक पालटल्यावर या यंत्रांच्या इंजिनांत आणखी एक गोष्ट आली: जिला मिस्त्री लोक ‘ब्रेन’ म्हणत ती, तळहातापेक्षा थोडी मोठी, बंद डबी. इंजिनाची उष्णता, ऑइलचा दाब, हवेचा दाब या साऱ्यांची खबर सेन्सर तिला देत, आणि खबर बिनसली की ती पडद्यावर एक आकडा दाखवून इंजिनाची ताकद निम्म्यावर आणी.

बाकीचे मिस्त्री आकडा दिसला की सेन्सरच बदलून टाकत. गुरुपादप्पा आधी मीटर काढत. मीटर केबिनच्या काचेला दोरीनं बांधायचा, त्याची टोकं सेन्सरच्या जोडाला लावायची, आणि वायरांचा जुडगा वीत-वीत हलवत पुढे सरकायचं. ज्या जागी आकडा थरथरला तिथे दुखणं. पाच व्होल्टची एकच शिदोरी तीन-तीन सेन्सर वाटून खात असत. एकानं ती सांडली की उपाशी राहिलेल्या दुसऱ्याचंच नाव पडद्यावर उमटे. “पडद्यावर ज्याचं नाव येतं तो चोर नसतो,” ते मालकांना सांगत, “त्याच्या घरी चोरी झालेली असते.” हे वाक्य ऐकून मालक हसत, परंतु नवा सेन्सर आणायचं टळलं की हसणं आदरात बदले.

त्यांची आणखी एक शिकवण तालुक्यातल्या ऑपरेटरांना पाठ होती. जुने ऑपरेटर रेडिएटरची रबरी नळी हातानं दाबून पाण्याचा अंदाज घेत आणि झाकण खोलत. त्यात एकदा एकाची छाती भाजली, तेव्हा गुरुपादप्पांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना बसवून बजावलं होतं: “हाताला काय कळतं बे? उन्हात समदंच तापलेलं असतं. काटा बघा. काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरला की मगच झाकण खोला. हात फसवंल, काटा फसवणार न्हाई.”

ही शिकवण लोकांनी ऐकली. एवढ्या मनापासून ऐकली, की पुढे नळीला हात लावून बघणाऱ्याला अडाणी म्हणून हसण्याची रीतच पडली.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात भगवानरावांच्या पोकलेनच्या उष्णतेच्या सेन्सरची वायर सायलेन्सरच्या धगीनं जळाली, आणि सेन्सरही गेला. भगवानराव म्हणजे चौसाळ्याच्या पुढच्या डोंगरपट्ट्यातले मोठे बागायतदार, पंचायत समितीत वजन असलेला माणूस. तलावांची कामं त्यांच्याकडेच येत. नवा सेन्सर औरंगाबादहून यायला आठ दिवस लागणार होते आणि ब्रेननं इंजिनाची ताकद निम्म्यावर आणली होती. गुरुपादप्पांनी डब्यातला आठशे वीस ओहमचा एक रेझिस्टर काढला, तो सेन्सरच्या जागी वायरीच्या जोडात बसवला, आणि वरून काळी रबरी नळी चढवून ती आगीवर आवळली. औषधाच्या गोळीएवढी वस्तू झाली. ती बसताच ब्रेनला वाटू लागलं, की इंजिन पन्नास अंशांवर आहे. आता पन्नास, उद्या पन्नास, पाणी उकळलं तरी पन्नास. मशीन पूर्ण जोरानं चालू झालं.

“ही आठ दिवसांची गोळी हाय, मालक,” ते तेव्हा म्हणाले. आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी काट्याच्या काचेवरून एक लाल चिंधीही बांधली. काटा आंधळा असेल तेव्हा ते अशी चिंधी बांधत, आणि या मशीनच्या तेव्हाच्या ऑपरेटरला, धोंडीरामला, त्यांनी तिचा अर्थ सांगून ठेवला. तो दिवाळीपूर्वीच कड्याच्या कारखान्याकडे निघून गेला. चिंधी त्याआधीच गेली होती, कारण काम तपासायला येणाऱ्या इंजिनिअर साहेबांसमोर भगवानरावांना ती बरी दिसेना. सेन्सर आला की नाही हे गुरुपादप्पांनी विचारलं नाही. दुरुस्त झालेलं मशीन आणि बरा झालेला रोगी, दोघांचीही आठवण कुणी काढत नाही.

आठवण झाली ती चहाच्या टपरीवर. मे महिन्याची सकाळ होती. ऊन आठ वाजताच पत्र्यावर वाजायला लागलं होतं. कुणीतरी कौतुकानं सांगत होतं, की भगवानरावांचं पोकलेन लई ठंड्या जातीचं. नव्या पाझर तलावावर बारा-बारा तास चालतं, पर काटा हिरव्या पट्ट्यात जातसुद्धा न्हाई.

गुरुपादप्पांचा कप बशीतच राहिला. मे महिन्यात, मुरुमाच्या धुळीत, हिरव्या पट्ट्यात न जाणारं इंजिन जगात असू शकत नाही. काटा जर पन्नासच्या खुंटाला बांधलेला असेल तरच तो तिथे राहील. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला: वर्ष झालं होतं. त्या वर्षात रेडिएटर किती वेळा उघडलं गेलं असेल, आणि उघडणाऱ्यानं आधी कशाकडे पाहिलं असेल?

ते मोपेडवर बसून थेट तलावावर गेले. दोन टेकड्यांच्या मध्ये खोल खड्डा पडला होता आणि तळाशी दोन पोकलेनं काम करत होती. भगवानरावांच्या मशीनवर सिदू नावाचा नवा ऑपरेटर होता, आष्टीकडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. गुरुपादप्पांना पाहताच त्यानं मशीन थांबवून खाली उडी मारली आणि पाया पडला.

“आप्पा, तुमचं नाव आमच्या कड्यापर्यंत हाय बरं का. अन् ह्या मशिनीला तर मी माझी सासू म्हणतो.”

“कावून रे?”

“सकाळी चावी फिरवली की लगीच अर्धी तापलेली, अन् दिवसभर कितीबी डिवचा, त्याच्या पुढं तापत न्हाई!”

तो हसला. गुरुपादप्पा हसले नाहीत. ते वाकून रेडिएटरच्या खाली पाहत होते. तिथे लोखंडावरून हिरवट पांढरा ओघळ उतरून वाळला होता, आणि त्या वाळलेल्या ओघळावर एक ताजा ओला ओघळ होता. पाणी गळत होतं. गळणारं पाणी, आंधळा काटा आणि काट्यावर श्रद्धा असलेला माणूस, अशा तीन गोष्टी एका जागी जमल्या होत्या. आता फक्त एका दुपारचा अवकाश होता.

तेवढ्यात भगवानरावांची जीप खड्ड्याच्या काठाला लागली. गुरुपादप्पा चढण चढून वर गेले आणि त्यांना बाजूला घेऊन सगळं बोलले.

भगवानरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांना त्याची गरज पडत नसे. “गोळी काढली तर काय हुतंय?”

“मशीन निम्म्या ताकदीवर येईल. सेन्सर मिळंपर्यंत.”

“पावसाच्या आत सांडवा झाला पाहिजे, आप्पा. तुमी सेन्सर मागवा. उद्या आला तर उद्या बसवा. वर्ष निघालं, एक दिस निघत न्हाई का?”

“मग सिदूला तेवढं सांगतो, की काट्यावर...”

“सिदूला काई सांगू नका.” भगवानरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पोरगं बिचकून गावी पळंल. ऑपरेटर मिळंनात सध्या. अन् तुमचं दुकान रस्त्याच्या हद्दीत येतं म्हणून नोटीस आलती ती मीच थांबवून ठेवलीय. मी कदी बोललो का तुमाला? एकमेकांचं सांभाळून घ्यायचं असतं.”

गुरुपादप्पा खाली उतरले. सिदू वाट पाहत उभा होता, हातात पाण्याची बाटली धरून. सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. ते त्यांच्या जिभेपर्यंत आलंही. पण वर काठावर भगवानरावांचे पांढरे कपडे उभे होते.

“पाणी सकाळीच बघत जा,” ते म्हणाले. “इंजिन गार असताना.”

“काटा बघूनच खोलतो, आप्पा,” सिदू अभिमानानं म्हणाला. “तुमचीच शिकवण हाय.”

त्यांनी मान हलवली आणि मोपेडला किक मारली.

घरी आल्याबरोबर त्यांनी औरंगाबादला फोन लावला. सेन्सर या वेळी दुकानात शिल्लकच आहे, दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या पार्सलनं बीडला पोचेल, असं दुकानदारानं सांगितलं. संध्याकाळची लिंगपूजा आटोपून ते ताटावर बसले, पण भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून ठेवला. बायको शिवगंगा समोर बसली होती. तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं; या घरात मशीनच्या गोष्टी लपवण्याची पद्धत नव्हती.

“म्हंजी उद्या सेन्सर आला की झालं?” ती म्हणाली.

“झालं.”

“सेन्सर उद्या येणार. तोंड तर आजच होतं न्हवं तुमच्यापाशी?”

ती ताट उचलून आत गेली. 

दुसऱ्या दिवशी ते अकरालाच बीडच्या बसस्थानकावर जाऊन बसले. गाडी साडेबाराची होती. ती पावणेतीनला आली. अंगठ्याएवढा पितळी सेन्सर पुठ्ठ्याच्या डबीतून काढून त्यांनी तिथेच मीटरवर तपासला, मुठीत धरला, तसा आकडा उतरत गेला. हा जिवंत होता. माणसाच्या अंगाची ऊबही त्याला कळत होती. डबी खिशात घालून ते निघाले. घाटात त्यांना भगवानरावांची जीप समोरून भरधाव येताना दिसली. जीपच्या मागच्या सीटवर कुणीतरी आडवं होतं आणि त्याच्या तोंडावर ओलं धोतर टाकलेलं होतं.

तरीही ते तलावावर गेले. मागे फिरून जीप गाठणं मोपेडला शक्य नव्हतं, आणि जे पाहायचं होतं ते खड्ड्यातच होतं.

पोकलेन आडवा हात टाकून उभं होतं. दुसऱ्या मशीनचा ऑपरेटर बद्रीनाथ त्याच्या चाकांवरच्या लोखंडी साखळीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. मुरुमावर रेडिएटरचं झाकण पडलं होतं, शेजारी फडकं, आणि उकळलेल्या कूलंटचा गुळचट वास अजून हवेत होता.

“गरम वास येतुया म्हणला,” बद्रीनाथ त्यांच्याकडे न बघता सांगू लागला. “मशीन बंद केलं. मी म्हणलं, थांब जरा. तर मला केबिनमदी नेऊन काटा दाखवला. म्हणला, बद्री, तू जुन्या जमान्याचा हायस. मग फडकं टाकलं अन् झाकण फिरवलं. आप्पा, पाणी न्हवतं ते. वाफ व्हती नुसती. वरडला बी न्हाई नीट.”

गुरुपादप्पा केबिनमध्ये चढले. चावी अजून चालूवर होती. इंजिनाच्या बाजूनं भट्टीसारखी धग अंगावर येत होती, आणि काटा पन्नासवर होता. शांत, जराही न हलता.

सिदूला बीडहून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात हलवण्यात आलं. गुरुपादप्पा रात्रीच्या गाडीनं तिथे पोचले आणि पहाटे त्यांना वॉर्डात सोडण्यात आलं. चेहरा, मान आणि उजवा हात पट्ट्यांखाली होता. डावा डोळा वाचेल, उजव्याचं आठ दिवसांनी सांगता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पावलांच्या आवाजावरून सिदूनं विचारलं, “कोण हाय?”

“मी. चौसाळ्याचा गुरुपाद.”

“आप्पा,” पट्टीच्या फटीतून आवाज आला, “माझी चूक न्हाई. काटा खाली व्हता. मी बघितलाता. मालक म्हणत्यात मी न बघता खोललं.”

“तू बघितलास. काटा आंधळा हाय, सिदू. मी केलाय तो, मागल्या साली. परवा तुझ्यापुढं उभा होतो तवाबी मला ठाऊक होतं.”

 सिदूनं, मानेची कातडी ओढली जात असतानाही, तोंड भिंतीकडे वळवलं. गुरुपादप्पा स्टुलावरून उठून स्टँडवर आले.

पंचनामा त्या दिवशी टळून दुसऱ्या सकाळी ठरला. ते उजाडताच तलावावर पोचले, तेव्हा भगवानराव आधीच येऊन बसले होते. हवालदार यायला अजून अर्धा तास होता.

“सेन्सर आलाय न्हवं?” भगवानरावांनी विचारलं.

“आलाय.”

“मग बसवून टाका. पाच मिनटाचं काम. गोळी माझ्याकडं द्या. हवालदार आला की तुमी जाणकार म्हणून एवढंच सांगा, की सर्किट ठीक हाय, काटा बरोबर चालतो. पोराच्या दवाखान्याचं मी बघतो. नाईतरी बोलून त्याचा डोळा माघारी येणार हाय का?”

सेन्सरची डबी गुरुपादप्पांच्या खिशात होती. सिदूला वाचवायला आणलेली ती वस्तू आता त्याला खोटा पाडायला अगदी नेमकी बसणारी होती. आठशे वीस ओहमचा पुरावा चिमट्याच्या एका ओढीत नाहीसा झाला असता, आणि मग तालुक्यातला कुठलाही मिस्त्री, कितीही मीटर लावला तरी, त्या वायरीत काहीच शोधू शकला नसता. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“मशिनीला कुणी हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

“आप्पा, चौसाळ्यात ऱ्हायचंय न्हवं?” भगवानराव हसून म्हणाले.

“बघू.”

ते पोकलेनच्या पायरीवर जाऊन बसले आणि हवालदार येईपर्यंत उठले नाहीत.

हवालदार वयस्क होता, दमेकरी. सोबत गावातले दोन पंच होते. इंजिन दोन रात्री बंद होतं. पहाटेच्या गारव्यात लोखंड थंड लागत होतं. गुरुपादप्पांनी त्या तिघांनाही इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवायला लावला. “गार हाय?”

“गार हाय की.”

“आता केबिनमधल्या काट्याकडं बघा.”

त्यांनी चावी फिरवली, इंजिन चालू न करता, नुसता करंट येईल एवढीच. तळाशी पडलेला काटा हलला आणि चढू लागला. मेलेल्या इंजिनावर तो सावकाश चढत गेला, आणि पन्नासवर येऊन थांबला. पंचांपैकी एकानं नकळत मागे पाऊल घेतलं.

“बिघाड हाय म्हणा की,” हवालदार कागदावर लिहू लागला.

“बिघाड न्हाई. केलेलं हाय.” गुरुपादप्पांनी जोड उघडून काळी गोळी दाखवली, ती कशानं बनते आणि काय करते ते सांगितलं, बसवल्याचा महिना सांगितला, काढण्याबद्दल कोणाशी केव्हा बोलणं झालं तेही सांगितलं. “बसवणाऱ्याचं नाव लिवा. गुरुपाद, राहणार चौसाळा. ठाऊक असून ऑपरेटरला सांगितलं न्हाई, तेबी लिवा.”

भगवानराव ऐकत उभे होते. हवालदारानं त्यांच्याकडे एकवार पाहिलं, पेन थांबवलं, आणि पंच बघत आहेत हे ध्यानात येऊन पुन्हा चालवलं. सही झाल्यावर भगवानराव जीपमध्ये बसले. जीप चौसाळ्याच्या दिशेला वळली. दुकानाचं काय व्हायचं ते बहुधा दुपारच्या आत ठरणार होतं.

माणसं पांगू लागली, तेव्हा बद्रीनाथ जवळ आला. 

“आप्पा, माझ्या मशिनीचं एकदा बघता का?”

“काय झालं तिला?”

“काई झालं न्हाई. तिचा काटाबी सकाळी असाच वर येतो. मला वाटायचं, समद्यांचा येत आसंल.”

बद्रीनाथच्या मशीनला गुरुपादप्पांनी आजवर कधी हात लावला नव्हता. ते इंजिनावरचा पत्रा उचलून आत वाकले, वायर बोटांनी चाचपत जोडापर्यंत गेले आणि जोड उघडला. आत रेझिस्टर होता. निळी टेप गुंडाळलेली, तारेची टोकं वेडीवाकडी पिळलेली, सोल्डरचा डाग न दिलेली. हे त्यांचं काम नव्हतं. कुणीतरी त्यांची गोळी उघडून पाहिली होती, समजून घेतली होती, आणि आपल्या हातानं तयार करायला शिकलं होतं.

“हे कुणी बसवलं?”

“मिस्त्री व्हता एक. आमचे मालक घिऊन आलते. म्हणले, आता उन्हात मशिनीची ताकद उतरायची न्हाई.” बद्रीनाथ डोंगराकडे बघत होता. “त्या दिशी तो लईजणांच्या मशिनीवर गेलता, आप्पा.”

“लईजणांच्या म्हंजी किती?”

बद्रीनाथ बोटं मोजू लागला. एक हात संपला, तेव्हा त्यानं दुसरा हात पुढे घेतला.

गुरुपादप्पांनी निळी गोळी काढून खिशात टाकली आणि औरंगाबादहून आणलेला सेन्सर तिथे बसवला. मग त्यांनी मीटर गळ्यात अडकवला. “पयलं कुठलं?” त्यांनी विचारलं. टेकडीच्या पलीकडे, सकाळच्या पाळीला, कुठलंतरी पोकलेन नुकतंच चालू झालं होतं.